उदक कोणी सोडायचे?

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी भागातल्या डागुरागू या वस्तीत १६ ऑगस्ट १९७५ रोजी टिपलेले एक छायाचित्र त्या देशात घरोघरी ओळखीचे आहे. उंचेपुरे पंतप्रधान गफ व्हिटलम मूठभर तांबडी माती गुरिंजी जमातीचे म्होरके व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या तळहातावर सोडत आहेत. छायाचित्रकार मर्विन बिशप स्वतः आदिवासी. खरा कार्यक्रम मांडवाच्या सावलीत झाला होता. तिथे उजेड पुरेसा नव्हता, म्हणून बिशप यांनी दोघांना बाहेर उन्हात आणले आणि माती पुन्हा एकदा सोडायला लावली.

लिंगियारी आणि त्यांचे सुमारे २०० सोबती १९६६ मध्ये वेव्ह हिल या ब्रिटिश मालकीच्या गुरांच्या कुरणावरचे काम टाकून चालते झाले होते. मजुरीच्या भांडणातून उठलेला संप पुढे जमिनीचा झाला आणि नऊ वर्षे चालला. त्याचा शेवट या मुठीत झाला, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी गुरिंजींना सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर जमिनीचा फक्त भाडेपट्टा मिळाला. पूर्ण मालकीचा कागद हाती पडायला १९८६ साल उजाडले.

मराठी माणसाला ते छायाचित्र पाहताना दानाचा संकल्प आठवतो. घेणाऱ्याच्या हातावर उदक सोडायचे आणि ‘न मम’ म्हणायचे. पण या विधीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जे सोडायचे ते मुळात देणाऱ्याचे असावे लागते. दुसऱ्याच्या गाईवर उदक सोडून पुण्य लागत नाही. मग व्हिटलम यांच्या मुठीतली माती कोणाची होती?

हा प्रश्न आपल्याकडच्या शास्त्रकारांनी फार पूर्वी घासूनपुसून तपासला आहे. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व देऊन टाकायचे असते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात शंका येते, की यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही द्यायची काय? उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच. त्यावर शबरस्वामी भाष्यात म्हणतात की शेताचे धनी असलेली माणसे दिसतात, अवघ्या पृथ्वीचा धनी कुठे दिसत नाही. राजाचा अधिकार राखणदारीचा आणि त्याबद्दलच्या हिश्शाचा, एवढाच. शतपथ ब्राह्मणातली कथा तर याहून तिखट आहे. विश्वकर्मा भौवन या राजाने यज्ञात पृथ्वी कश्यपाला देऊ केली, तेव्हा पृथ्वीच बोलली. कोणाही मर्त्याने मला देता कामा नये, तू मूर्ख आहेस, मी पाण्यात बुडून जाईन, असे तिने त्याला सुनावले.

अवघ्या भूमीचा धनी राजाच, नेमका हाच दावा ब्रिटिश राजमुकुटाने ऑस्ट्रेलियात केला. १७७० मध्ये कॅप्टन कुकने पूर्व किनारा राजाच्या नावाने घोषित केला, १७८८ मध्ये वसाहत सुरू झाली आणि हळूहळू अवघे खंड राजाच्या मालकीचे ठरले. तिथे निदान ५०,००० वर्षे माणसे राहत होती, याने कायद्याला फरक पडला नाही. १८८९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने न्यू साउथ वेल्सची वसाहत ही स्थिर वस्ती आणि स्थिर कायदा नसलेली, जवळजवळ रिकामी जागा होती असे लिहून ठेवले.

त्याच प्रिव्ही कौन्सिलपुढे १९२५ मध्ये कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातला एक तंटा आला. घराण्याचा ठाकूर कोणाच्या घरी राहणार, असा वाद होता. न्यायाधीशांनी निकाल दिला की मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, ती घरातल्या टेबलखुर्चीसारखी वस्तू नव्हे, आणि आपण कुठे राहावे याबाबत तिची इच्छाही विचारात घ्यावी लागेल. म्हणजे एकाच दरबाराला बंगालमधल्या देवाची इच्छा कळली, आणि ऑस्ट्रेलियातली जिवंत माणसे दिसली नाहीत. फरक श्रद्धेच्या खोलीत नव्हता. बंगालमध्ये देवळे होती, दानपत्रे होती, पंडित होते. ऑस्ट्रेलियात डोंगर होते, पाणवठे होते आणि ते निर्माण करणाऱ्या पूर्वजांच्या कथा गाणारी माणसे होती. त्या कथांना कागद नव्हता.

पुढे सरकारला कागद करावाच लागला, पण त्यावर नाव दुसऱ्याचे घातले गेले. ‘न्यास’ म्हणजे ट्रस्ट ही इंग्रजी कायद्याची जुनी युक्ती. जमीन एकाच्या नावावर, लाभ दुसऱ्याचा. अज्ञान वारसाच्या वतीने काकाने वाडा सांभाळावा, तसा. ही उपमा ओढूनताणून आणलेली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याने ‘मुख्य संरक्षक’ नावाचा सरकारी अधिकारी १६ वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक बनला होता. आईबाप हयात असले तरीही. मुलांच्या पालकत्वामागची नजर जमिनीच्या पालकत्वातही उतरली.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९६६ मध्ये डॉन डन्स्टन यांच्या पुढाकाराने पहिला जमीन न्यास उभारला, तेव्हा ते धाडसाचे पाऊल होते. १९७२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियानेही कायदा करून ‘अ‍ॅबोरिजिनल लँड्स ट्रस्ट’ स्थापन केला. जुन्या राखीव जमिनी, मिशनच्या जागा, काही गुरांची कुरणे त्याच्याकडे आली. एकूण भरते सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीनचतुर्थांशाहून जास्त. न्यासावर सदस्य आदिवासीच असत, पण त्यांना नेमणार मंत्री, आणि जमिनीच्या मोठ्या व्यवहाराला मंजुरीही मंत्र्याचीच. वारस वयात आला तरी काका किल्ल्या कमरेला लावून फिरत होता.

आदिवासींची स्वतःची कल्पना या न्यासाच्या बरोबर उलट आहे. मध्य ऑस्ट्रेलियातले वार्लपिरी लोक जिला ‘जुकुर्पा’ म्हणतात आणि अनांगू लोक ‘चुकुर्पा’ म्हणतात, तिचे इंग्रजीत ‘ड्रीमिंग’ असे भाषांतर रूढ झाले. स्वप्नाशी तिचा संबंध बेताचाच आहे. पूर्वज प्राण्यांच्या आणि माणसांच्या रूपात देशभर चालले, त्यांच्या चालण्यातून टेकड्या, झरे, खडक झाले. तीच सृष्टी आणि तोच कायदा, आणि तो काळ संपलेला नाही. जो ज्या जागेचा, त्याने तिची गाणी गायची, तिचे विधी करायचे, तिच्याशी बोलायचे. तसे केले नाही तर जागा आजारी पडते.

यातली राखणदारीची रचना पाहण्यासारखी आहे. वार्लपिरींमध्ये एखाद्या भूमीशी बापाकडून नाते असलेला तो ‘किर्डा’, आईकडून नाते असलेला तो ‘कुर्डुंगुर्लू’. विधी किर्डाचा, पण तो नीट होतो की नाही हे पाहायचे काम कुर्डुंगुर्लूचे. दोघांपैकी एकाला दुसऱ्यावाचून पाऊल टाकता येत नाही. आणि एका भूमीचा किर्डा दुसऱ्या भूमीचा कुर्डुंगुर्लू असतोच, त्यामुळे प्रत्येक जण कुठे ना कुठे दुसऱ्याच्या देवाचा राखणदार असतो. आपल्याकडे देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव आणि वहिवाटीला गुरव, हे चित्र गावोगाव आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात पुन्हा स्पष्ट केले की पुजारी हा फक्त व्यवस्थापक आहे आणि मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असले पाहिजे. वार्लपिरी माणसाला हा निकाल समजावून सांगावा लागणार नाही. त्याचा आक्षेप एवढाच असेल की गुरवावर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस कुठे आहे?

ही कल्पना इंग्रजी कायद्यासमोर पहिल्यांदा नीट मांडली गेली ती आर्नहेम लँडमध्ये. १९६३ मध्ये सरकारने तिथल्या राखीव भूमीचा तुकडा बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतला. यिर्काला गावच्या योल्ङू लोकांनी संसदेला अर्ज पाठवले, तेही झाडाच्या सालीवर. मधोमध टंकलिखित कागद आणि चारी बाजूंनी आपापल्या कुळांची पवित्र नक्षी. मजकूर इंग्रजी आणि योल्ङू भाषेत होता, पण पुरावा नक्षीत होता. अर्जाने काही झाले नाही, तेव्हा ते कोर्टात गेले.

१९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. तो वाचताना आजही चुटपुट लागते, कारण न्यायाधीशाला सगळे समजले होते. योल्ङूंची व्यवस्था गुंतागुंतीची आणि स्थिर आहे, माणसांच्या लहरीवर न चालता कायद्याने चालणारी आहे, असे त्यांनी मान्य केले. त्यांचे निरीक्षण असे की, जमीन कुळाची आहे यापेक्षा कूळच जमिनीचे आहे, हे पुराव्यातून जास्त स्पष्ट दिसते. आणि नेमक्या याच कारणाने ते हरले. मालमत्ता म्हणजे वापरण्याचा, दुसऱ्याला मज्जाव करण्याचा आणि विकण्याचा हक्क. ज्यांना जमीन विकण्याची कल्पनाच शिवत नाही, त्यांच्याकडे मालमत्ता कशी असेल? श्रद्धा जितकी खरी, तितका दावा दुबळा, असा हा तर्क होता.

त्या खटल्यात योल्ङूंचे वकील असलेले एडवर्ड वुडवर्ड पुढे चौकशी आयोगाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या शिफारशींतून १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा जमीन हक्क कायदा आला. त्यातली ‘पारंपरिक मालक’ या शब्दांची व्याख्या आधुनिक कायद्याच्या इतिहासात विरळा आहे. ज्या वंशसमूहाचे त्या जागेशी समान आध्यात्मिक नाते आहे आणि त्या नात्यामुळे जागेची आध्यात्मिक जबाबदारी मुख्यतः ज्याच्यावर येते, तो मालक. खरेदीखत, वारसदाखला, ताबा यांच्याऐवजी जबाबदारी हाच मालकीचा पुरावा ठरला. आज टेरिटरीची जवळपास निम्मी जमीन या कायद्याखाली आदिवासींकडे आहे. ती विकता येत नाही, आणि खाणीच्या शोधाला पारंपरिक मालक नाही म्हणू शकतात. नाव इथेही न्यासाचेच, पण या न्यासाला पारंपरिक मालकांच्या वतीने बोलणाऱ्या भूमी परिषदेच्या सांगण्याबाहेर जाता येत नाही. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने माबो खटल्यात रिकाम्या भूमीचा सिद्धांतच मोडीत काढला आणि मूळ रहिवाशांचा हक्क सबंध देशात मान्य झाला.

पण जबाबदारी सिद्ध करायची कशी? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांना १९९७ मध्ये हा पेच पडला. इंग्रजीत साक्ष देणे जमेना, तेव्हा ४० हून अधिक चित्रकारांनी मिळून आठ मीटर बाय दहा मीटरचा ‘ङुर्रारा’ कॅनव्हास रंगवला. मग न्यायाधिकरणापुढे एकेक जण त्या चित्रावर जाऊन आपापल्या पाणवठ्यावर उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. दावा मान्य व्हायला २००७ साल उजाडले.

सगळ्यांनाच अशी वाट सापडत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हिंडमार्श बेटावर पूल होऊ नये म्हणून ङारिंडजेरी जमातीच्या काही स्त्रियांनी सांगितले की ती जागा स्त्रियांच्या गुप्त विधींची आहे. काय विधी, ते सांगता येत नाही, कारण ते गुप्तच आहेत. १९९५ च्या शाही चौकशी आयोगाने हे सारे रचलेले आहे असा शेरा मारला. २००१ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने उलट म्हटले की ते रचलेले असल्याचे सिद्ध होत नाही. तोवर पूल बांधून झाला होता. श्रद्धेला पुराव्याच्या पिंजऱ्यात उभे केले की ती एक तर गुपित फोडते किंवा खटला हरते.

एवढा पुरावा मागणारी सरकारे कागद देतानाही सगळे देत नाहीत. मालकी एक आणि ताबा दुसरा, हे पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९८० मध्ये नूनकन्बाहला दाखवून दिले. किंबर्ली भागातले हे गुरांचे कुरण १९७६ मध्ये युङ्ङोरा समाजासाठी विकत घेण्यात आले होते. तिथल्या घोरपडीच्या पवित्र स्थळाजवळ एका कंपनीला तेलासाठी विहीर खोदायची होती. लोकांनी रस्ता अडवला, कामगार संघटनांनीही साथ दिली. राज्य सरकारने पोलिसांच्या बंदोबस्तात मालमोटारींचा तांडा पाठवून विहीर खणून घेतली. कामाचे तेल निघाले नाही.

उलट उदाहरण उलुरूचे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्या तांबड्या महाशिळेचा मालकी कागद अनांगू लोकांना मिळाला, तोही राष्ट्रीय उद्यान म्हणून ९९ वर्षांच्या पट्ट्याने सरकारला परत द्यायचा, या अटीवर. उदक सोडले, पण पेला हातातच. तरी उद्यानाच्या मंडळावर अनांगूंचे बहुमत होते, आणि त्याचे फळ उशिरा का होईना आले. चढू नका, ही त्यांची विनंती पर्यटक वर्षानुवर्षे पाटीवर वाचत आणि वर चढत. बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ पासून शिळेवर चढणे बंद झाले. कागदापेक्षा मंडळावरच्या खुर्च्यांनी हे काम केले.

म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या न्यासाच्या जमिनींचा प्रश्न नुसता नाव बदलण्याचा नाही. १९८४ मध्ये पॉल सीमन यांच्या चौकशीने जमीन हक्कांची शिफारस केली, पुढच्या वर्षी आलेले विधेयक राज्याच्या वरिष्ठ सभागृहात पडले. १९९६ मध्ये नेव्हिल बॉनर, म्हणजे संघीय संसदेतले पहिले आदिवासी सदस्य, यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने न्यासाच्या जमिनी आदिवासींच्याच हाती सोपवाव्यात असे सांगितले. काही गेल्या, पण मोठा हिस्सा त्यानंतरही वर्षानुवर्षे न्यासाच्याच नावावर राहिला.

या दिरंगाईमागे सगळा लबाडीचाच भाग आहे असे म्हणता येणार नाही. दूरच्या वस्त्यांचे पाणी, वीज, रस्ते, सांडपाणी हा खर्च मोठा असतो. मालकी घ्यायची तर हा भारही घ्यावा लागेल, ही भीती समाजांनाच वाटते, आणि ती खोटी नाही. २०१४ मध्ये केंद्राने या सेवांचे पैसे आखडते घेतल्यावर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या प्रमुखांनी राज्यातल्या २७४ दूरस्थ वस्त्यांपैकी १५० पर्यंत बंद कराव्या लागतील, असे जाहीर केले. पुढच्या वर्षी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट म्हणाले की लोकांनी आवड म्हणून निवडलेल्या राहणीचा खर्च करदात्यांनी सोसू नये. ज्याला समोरचा माणूस धर्म म्हणतो, त्याला सत्ता आवड म्हणाली.

दुसरा आक्षेप खुद्द आदिवासी विचारवंतांमधून येतो. विकता न येणारी, सामूहिक जमीन बँक तारण घेत नाही, मग तरुण कुटुंबाने घर बांधायचे कसे? केप यॉर्कचे नोएल पिअर्सन यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला आहे. त्यात तथ्य आहे. पण जी जमीन विकता येते ती कर्ज थकल्यावर जातेही, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. घरापुरता दीर्घ पट्टा आणि मूळ भूमी अविक्रेय, हा मधला मार्ग नॉर्दर्न टेरिटरीत काही ठिकाणी चालूही आहे. मात्र तो पट्टा कोणाच्या सहीने निघतो, यावर सारे अवलंबून आहे. २००७ मध्ये केंद्राने आपत्कालीन हस्तक्षेपाच्या नावाखाली अनेक वस्त्यांचे पाच वर्षांचे पट्टे सक्तीने स्वतःकडे घेतले, तेव्हा अविक्रेय मालकी किती पातळ असू शकते ते दिसले.

न्यूझीलंडने आणखी एक पाऊल टाकले आहे. २०१४ मध्ये ‘ते उरेवेरा’ हे अरण्य राष्ट्रीय उद्यानाच्या यादीतून काढून कायद्याने व्यक्ती ठरवण्यात आले. ते आता सरकारचे नाही आणि तूहोय जमातीचेही नाही. ते स्वतःचेच आहे, आणि त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या मंडळावर तूहोयांचे बहुमत आहे. मल्लिकांच्या ठाकुराला मिळालेला दर्जा रानाला मिळायला ८९ वर्षे लागली. ब्लॅकबर्न यांना जे दिसले पण मांडता आले नाही, ते इथे कायद्याच्या भाषेत बसले: माणूस जमिनीचा, आणि म्हणून तिचा राखणदार.

मीमांसकांचा निकष लावला तर ऑस्ट्रेलियन सरकारे जमीन ‘देत’ नाहीत, देऊ शकतही नाहीत. पालकत्वाचा अधिकार नसताना घेतलेल्या किल्ल्या ती परत करत आहेत. किल्ल्या परत करणारा अटी घालत नसतो, आणि आपल्या ताब्यात असताना वाड्याची झालेली पडझडही त्यालाच भरून द्यावी लागते. पाणी आणि वीज ही मेहेरबानी नसून त्या हिशेबातली बाकी आहे.

तो हिशेब आता कोर्टात मांडला जातो आहे. १९७१ च्या खटल्यात योल्ङूंची साक्ष इंग्रजीत सांगणारा एक तरुण दुभाषी होता. पुढे तो गुमाच कुळाचा म्होरक्या आणि नॉर्दर्न लँड कौन्सिलचा अध्यक्ष झाला. युनुपिंगू या नावाने देश त्याला ओळखतो. हरलेला तोच मुद्दा, तीच खाणीची भूमी घेऊन त्याने २०१९ मध्ये केंद्र सरकारविरुद्ध भरपाईचा दावा लावला. एप्रिल २०२३ मध्ये तो वारला. १२ मार्च २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की मूळ रहिवाशांचा भूमीहक्क ही मालमत्ताच आहे आणि टेरिटरीत केंद्राने तो संपवला असेल तर न्याय्य मोबदला द्यावा लागेल. रक्कम ठरायची बाकी राहिली. १९६३ च्या सालींवरचे अर्ज कॅनबेराच्या संसद भवनात काचेआड ठेवलेले आहेत.